आई-बाबांना घेऊन आइसलँड: धबधबे आणि हिमनद्यांची १५ तासांची बस झेपेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझे आई-बाबा ऑगस्टअखेर सांगलीहून आमच्याकडे येतायत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस आइसलँडला जायचं ठरवलंय. शेंगेन व्हिसा झाले, विमानाची तिकिटं झाली, रेक्याविकमध्ये राहायची सोय झाली. घोडं अडलंय ते बसपाशी.

दक्षिण किनाऱ्याची एक दिवसाची मोठी बस टूर आहे. सकाळी ८ ला रेक्याविकहून निघायचं, वाटेत सेल्यालंड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे, काळ्या वाळूचा किनारा, विक गाव, आणि शेवटी योकुलसारलोन, म्हणजे हिमनगांनी भरलेलं ते तळं. जाताना सुमारे ३८० किलोमीटर, येताना तेवढेच. रात्री ११ पर्यंत परत. मी पाहिलेल्या सगळ्या फोटोंत तेच तळं आहे आणि आई-बाबांना तेच दाखवायचं असं माझ्या मनात भरलंय.

बाबा ७४ चे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. शुगर आहे, इन्सुलिन घेतात, उजवा गुडघा दुखतो. आई ६८ ची, तब्येतीने ठणठणीत, पण तिला बस लागते. आंबा घाटात दर वेळी लिंबू हुंगत बसते. मुलं ९ आणि ५ वर्षांची.

नवरा म्हणतो गाडी भाड्याने घेऊ. मला ते नको वाटतं. आणि बाबा कालच फोनवर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी हॉटेलात बसतो, माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. त्यांना हॉटेलात ठेवून मी हिमनग बघायला जाणार नाही. पण ओढत नेऊन त्यांचे हाल करायचेही नाहीत.

कोणी म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही घेऊन ही बस केलीय का? खरं खरं सांगा.

रानवारा

गाडीच घ्या असं माझं मत. आम्ही चौघे (दोघे आणि दोन शाळकरी मुलं) जुलैमध्ये गेलो होतो. रस्ता एकच, हायवे क्रमांक १, सबंध देशाला वळसा घालणारा, तेराशेच्या वर किलोमीटर. चुकायला जागाच नाही. हवं तिथे थांबता येतं, मुलांना भूक लागली की डिकीतून खाणं काढता येतं. बसमध्ये "३५ मिनिटांत परत या" ऐकून माझा जीव गेला असता. सहा माणसांसाठी सात-आसनी गाडी बसपेक्षा स्वस्तही पडेल.

फक्त दोन गोष्टी. इंग्लंडमध्ये तुम्ही डावीकडून चालवता, तिथे उजवीकडून. आणि काही पुलांवर एकच गाडी जाईल एवढीच जागा असते, समोरचा आधी शिरला असेल तर थांबायचं.

भूगोलच्या_बाई

कृष्णाकाठ, तुला तूच म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असशील.

आधी उत्तर देते, मग बाकीचं. बस घे, हा तुझा विचार बरोबर आहे. पण एका दिवसात तळ्यापर्यंत जाऊन परत येऊ नकोस. दोन दिवसांची बस घे, मध्ये एक रात्र विक किंवा त्याच्या पुढच्या भागात मुक्काम. दोन दिवसांचं जमत नसेल तर विकपर्यंतचीच छोटी टूर घे आणि तळं सोडून दे. १५ तासांच्या बसमध्ये बाबांना बसवू नकोस.

मी हे सांगू शकते कारण आम्ही नेमकी हीच १५ तासांची बस केली. सप्टेंबर २०२३. मी ६३ ची, हे ६९ चे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डब्लिनचा मुलगा-सून आणि ७ वर्षांची नात. तारीखसुद्धा तुझ्यासारखीच, तिसरा आठवडा.

तेव्हा कुणी सांगितलं नाही ते हे: जूनमध्ये तिथे मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो. माहितीपत्रकातले फोटो त्या दिवसांतले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस आणि रात्र जवळपास सारखी असते, साडेसातच्या सुमाराला सूर्य मावळतो. आम्ही तळ्यावर पोचलो दुपारी तीनला, चारला निघालो. येताना विकला जेवून बाहेर आलो तेव्हा अंधारून आलं होतं. पुढचे अडीच-तीन तास काचेत फक्त आमचेच चेहरे. नात मांडीवर झोपलेली, ह्यांचा गुडघा सुजून टम्म, आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. सकाळी जे डोळे भरून पाहिलं होतं त्याचा आनंद त्या शेवटच्या तीन तासांनी खाऊन टाकला. दोन दिवस असते तर तोच रस्ता उजेडात परत बघता आला असता.

गाडीबद्दल रानवारा म्हणतात त्यात तथ्य आहे. चौघांना आणि जुलैत गाडीच बरी. पण तुझ्याकडे दोन म्हातारी माणसं, दोन मुलं, आणि चालवणारा एकटा नवरा, तोही उलट्या बाजूने. तिथला वारा हा मोठा प्रकार आहे, गाडीचं दार उघडताना धरून उघडलं नाही तर वारा ते उलटं फिरवून बिजागरीतून काढतो. आणि जो चालवतो त्याला काहीच दिसत नाही. आमच्या मुलाने त्या दिवशी माझ्या शेजारी बसून पाच तास गप्पा मारल्या. लग्नानंतर इतका वेळ तो माझ्या वाट्याला आला नव्हता. हे गाडीत झालं नसतं.

आता रस्त्याचं सांगते. जाताना बसमध्ये डाव्या हाताची खिडकी धरा. पूर्वेकडे जाताना डोंगर, धबधबे, हिमनद्या सगळं डावीकडे, समुद्र उजवीकडे. आम्ही उजवीकडे बसलो आणि मी अर्धा वेळ दुसऱ्यांच्या डोक्यांवरून माना उंचावत होते.

रेक्याविक सोडलं की अर्ध्या तासात जमिनीतून वाफा निघताना दिसतात. हेल्लिशेइदीचं भूऔष्णिक वीजकेंद्र, ३०० मेगावॅटच्या वरचं. बाबा पाटबंधारे खात्यातले, त्यांना हे आधी सांगून ठेव. मग घाट उतरला की सपाट शेतं, आणि डावीकडे एक लांबच लांब कडा सुरू होतो. हा कडा म्हणजे जुना समुद्रकिनारा. एके काळी लाटा त्या कड्यावर आपटत होत्या, आता समुद्र बराच दूर गेलाय. सेल्यालंड्सफॉस त्याच कड्यावरून साधारण ६० मीटर खाली पडतो आणि त्याच्या मागून चालत जाता येतं. मुलांना ने, सगळ्यांना पावसाळी पँट-जॅकेट घाल, छत्री बसमध्येच राहू दे. बाबांना मागच्या वाटेने नेऊ नकोस, दगड शेवाळलेले आणि ओले असतात. समोरून छान दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी वारा इतका होता की कड्यावरचे बारके धबधबे खाली न पडता वरच उडत होते. पाटणजवळ सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा पाहिला असशील, अगदी तसे.

स्कोगाफॉस मात्र बाबांचा आहे. तोही ६० मीटर उंच, २५ मीटर रुंद, आणि पायथ्यापर्यंत सपाट खडीची जमीन. काठी टेकत माणूस जवळ जाऊ शकतो. बाजूला वर जायला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या तुझ्या नवऱ्यासाठी आणि मोठ्या लेकरासाठी. आमचे हे खाली एका दगडावर बसले आणि निघायची वेळ झाली तरी उठेनात. ऊन पडलं होतं, पाण्याच्या तुषारांत पूर्ण इंद्रधनुष्य, खालपासून वरपर्यंत. मुलांना थ्रासीची गोष्ट सांग: या धबधब्याच्या मागे थ्रासी नावाच्या जुन्या वसाहतकऱ्याने सोन्याची पेटी लपवली, एकाने ती ओढायचा प्रयत्न केला तर हातात फक्त कडी आली. तीच म्हणून दाखवतात ती कडी जवळच्या स्कोगारच्या संग्रहालयात आहे. आमच्या नातीने धबधब्याच्या मागे किती वेळ डोळे लावले होते.

हो, आणि नावांना घाबरू नका. फॉस म्हणजे धबधबा, योकुल म्हणजे हिमनदी, लोन म्हणजे खाजण किंवा तळं. एवढ्यावर अर्धा नकाशा वाचता येतो. नातीने दिवसभर हाच खेळ केला.

आता हिमनदी. ३१ वर्षं साताऱ्याच्या शाळेत नववीला मी हिमनदीचं कार्य शिकवलं. यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ (हिमनदीने वाहून आणून टाकलेले दगडमातीचे ढीग). फळ्यावर खडूने हिमनदीची जीभ काढायची, पुढे ठिपके ठिपके देऊन लिहायचं "अंत्य हिमोढ". मुली वहीत उतरवून घ्यायच्या. त्यांनी बर्फ पाहिलेला नाही, मीही नाही. मोठ्या बसने आम्हाला हिमनद्या लांबून दाखवल्या, त्याने माझं भागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन छोट्या बसने पुन्हा त्याच रस्त्याने गेले, फक्त सोलहेमायोकुलसाठी. ही मिर्दाल्सयोकुल या मोठ्या हिमटोपीची एक जीभ. त्या टोपीखाली कातला नावाचा ज्वालामुखी आहे, १९१८ मध्ये त्याचा शेवटचा मोठा उद्रेक झाला.

गाडीतळापासून खडीच्या वाटेवर चालत गेलो. दोन्ही बाजूंना दगडगोट्यांचे ढिगारे, काही मुठीएवढे, काही आपल्या देवळीएवढे, मध्ये बारीक राखाडी चिखल. मला दहा पावलं गेल्यावर कळलं की मी हिमोढावर उभी आहे. हेच ते ठिपके. पुढे गढूळ पाण्याचं तळं, आणि तळ्यापलीकडे बर्फ. पांढरा नाही. मळका, निळसर, आणि त्यात काळ्या रेघा, एकाखाली एक. राखेच्या. उद्रेक झाला, राख पडली, वर बर्फ साचला, पुन्हा राख पडली. बर्फ सरकत खाली आला आणि त्या रेघा पिळवटल्या. इरकली लुगड्याच्या घडीत काठ कसा वळतो तशा. वारा थांबला की पाण्याचा आवाज येत होता, बर्फाच्या पोटातून, थेंब थेंब नाही, सलग.

सोलहेमायोकुलपुढचं ते गढूळ तळं २०१० च्या आसपासपर्यंत जवळजवळ नव्हतंच. बर्फ मागे सरला आणि त्या जागी पाणी साठलं. जवळच्या ह्वोल्सवोत्लूर गावातल्या शाळेची मुलं २०१० पासून दर वर्षी येऊन बर्फ किती मागे गेला ते मोजतात. बारा वर्षांची पोरं. हे वाचून मी तिथेच मुलाला म्हटलं, मी ३१ वर्षं जो धडा शिकवला तो ही पोरं टेप लावून शिकतायत.

म्हणून तुला कळकळीने सांगते: टूर निवडताना सोलहेमायोकुलचा थांबा असलेली निवड. पण नीट वाचून घे. बऱ्याच टूरमध्ये बर्फावर चालणं धरलेलं असतं, बुटांना खिळे लावून, गाइडबरोबर. त्याला वयाची खालची अट असते, पाच वर्षांच्या मुलाला घेत नाहीत, आणि बाबांना ते नकोच. आपल्याला फक्त वाटेने जाऊन बघायचंय.

शेवटची एक गोष्ट, ही मात्र पाळायचीच. रेनिसफ्यारा, तो काळ्या वाळूचा किनारा. तिथे अचानक एक लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते आणि माणसाला ओढून नेते. माणसं दगावली आहेत. धोक्याचे दिवे लावलेत, ते पाहा, पाण्याकडे पाठ करू नका, फोटोसाठी तर नाहीच. मुलांचे हात सोडू नकोस. तिथले दगडी खांब दुरूनही दिसतात. षट्कोनी, एकाला एक चिकटलेले. बसमधले सगळे थक्क होऊन पाहत होते आणि मला गंमत वाटली, कारण हा आपलाच बसाल्ट. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल, पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला असेच खांब आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा तडकतो. फरक वयाचा. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तिथला खडक त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या वयाचा. विकच्या पुढे लाकी ज्वालामुखीचा लाव्हा लागतो, तो तर १७८३ चा. म्हणजे सवाई माधवरावांच्या काळातला! त्यावर वीतभर जाड मऊ शेवाळ चढलंय. त्यावर पाय देऊ नका, पुन्हा उगवायला पिढ्या जातात.

उत्तरा

बाईंचं वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव हिवाळ्यातला, तरी एक मुद्दा तुम्हाला उपयोगी पडेल.

आम्ही फेब्रुवारीत हीच मोठी टूर घेतली होती. ह्वोल्सवोत्लूरपर्यंत गेलो आणि वाऱ्यामुळे पुढचा रस्ता बंद झाला. बस परत. दुसऱ्या दिवशीची जागा देतो म्हणाले, पण आमचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. पैशांसाठी त्या कंपनीशी महिनाभर मेलामेली झाली. चूक आमचीही होती, शेवटचा दिवस ठेवायला नको होता. सप्टेंबरमध्येही वादळं येतात. बस पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीची घ्या, मागे एक मोकळा दिवस ठेवा. आदल्या रात्री सरकारी हवामान खात्याचं संकेतस्थळ बघा, इंग्रजीत आहे, इशारा पिवळा की नारिंगी ते लगेच कळतं.

आणि बस कुठून सुटते ते नीट विचारा. रेक्याविकच्या मध्यवस्तीत मोठ्या बसना आत यायला बंदी आहे, त्यामुळे हॉटेलच्या दारात कोणी येत नाही. क्रमांक दिलेले थांबे आहेत, तिथे उभं राहायचं. आम्ही पहाटेच्या अंधारात दोन सुटकेसा आणि झोपलेलं पोर घेऊन चुकीच्या थांब्यावर उभे होतो.

आईंना बस लागते तर गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, मळमळ सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. पुढच्या दोन-तीन रांगांत बसवा. रस्ता बहुतेक सपाट आहे, आंबा घाटासारखा नाही.

कृष्णाकाठ

बाई, तुम्ही तूच म्हणा. तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, एकदा नवऱ्याला वाचून दाखवलं. गाडीचा विषय त्यानेच बंद केला.

दोन दिवसांची टूर सापडली. पहिल्या दिवशी दोन्ही धबधबे आणि सोलहेमायोकुल, मुक्काम विकच्या पुढे, दुसऱ्या दिवशी तळं आणि परत. बर्फावर चालणं ऐच्छिक आहे.

अजून चार गोष्टी विचारते, राग मानू नका. बाबांना वारंवार लघवीला जावं लागतं, बसमध्ये सोय असते का? त्यामुळेच ते "हॉटेलात बसतो" म्हणतायत असा मला संशय आहे, पण ते बोलणार नाहीत. इन्सुलिन कसं न्यायचं? खायला काय? आणि तळ्यापाशी त्यांना पाण्यापर्यंत जाता येईल का, की वरूनच बघायचं?

भूगोलच्या_बाई

राग कसला. हेच खरे प्रश्न, आणि हे कुणी विचारत नाही.

पहिला. आमच्या ह्यांचंही तेच होतं आणि त्यांनी त्यावर जो उपाय काढला तो आपल्याकडची सगळी म्हातारी माणसं काढतात: सकाळपासून पाणीच प्यायले नाहीत. दुपारी डोकं दुखायला लागलं, पायात गोळे आले. शुगरच्या माणसाने तर हे अजिबात करायचं नाही. काही बसमध्ये मागे संडास असतो, काहींत नसतो, टूर घेण्याआधी मेल करून विचार. नसला तरी तास-दीड तासाने थांबा येतोच: ह्वोल्सवोत्लूर, स्कोगाफॉस, विक, किर्क्युबायारक्लाउस्तूर, स्काफ्ताफेल, तळं. ही यादी एका कागदावर मराठीत लिहून बाबांच्या खिशात दे, पुढचा थांबा किती वेळाने ते त्यांना स्वतःला बघता आलं पाहिजे. दर वेळी मुलीला विचारायला लागलं तर माणूस विचारत नाही. आणि ड्रायव्हरला पहिल्याच थांब्यावर सांगून ठेव. तिथे ड्रायव्हरला सलग साडेचार तासांपेक्षा जास्त चालवायची परवानगीच नाही, पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते, त्यामुळे घाई करून दामटवत नाहीत.

इन्सुलिन अंगावरच्या पिशवीत, बसच्या पोटातल्या सामानात कधीच नाही. तिथे गारठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. साखर कमी झाली तर म्हणून खडीसाखर बाबांच्याच खिशात.

खाणं. मी दशम्या केल्या होत्या, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहिल्या. बरोबर लसणाची चटणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. नातीला तूप-साखर लावून गुंडाळी. पेट्रोलपंपावरच्या दुकानांत गरम पाणी मिळतं, चहाच्या पुड्या ने. बऱ्याच ठिकाणी भाज्यांचं सूप आणि पाव मिळतो, सूप पुन्हा घेता येतं. बाबांच्या जेवणाची वेळ मात्र बसच्या वेळेवर सोडू नकोस, डबा हाताशी ठेव. प्यायचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी गोड आहे. गरम नळाला गंधकाचा वास येतो, आई नाक मुरडतील, पण ते जमिनीतूनच गरम येतं.

आता तळं. गाडीतळ आणि पाणी यांत फार अंतर नाही, जमीन जवळपास सपाट, काठ खडीचा. बाबा एका हाताने काठी आणि एका हाताने तुला धरून पाण्यापर्यंत जातील. नावेत चढवायचा आग्रह धरू नकोस, काठावरून सगळं दिसतं. सील डोकी वर काढतात. मुलांना ते हिमनगांपेक्षा जास्त आवडेल, आवडू दे. हे तळं १९३० च्या दशकात तयार व्हायला लागलं, त्याआधी बर्फ जवळजवळ समुद्रापर्यंत होता. म्हणजे बाबांच्या वडिलांच्या लहानपणी हे तळं नकाशावर नव्हतं. आज ते २४० मीटरहून खोल आहे.

मग रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला जा. तळ्यातले हिमनग छोट्याशा नदीतून समुद्रात जातात आणि लाटा त्यांचे तुकडे परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. आमच्या नातीने संत्र्याएवढा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. काचेसारखा. आत बारीक बुडबुडे, टाचणीच्या टोकाएवढे. माझ्या हाताच्या उबेने तो वितळायला लागला तसा एकेक बुडबुडा फुटत होता, कानाशी नेला तर तडतड ऐकू येत होती. ती हवा शेकडो वर्षांपूर्वीची. मी ते नातीला सांगितलं तर तिने तो तुकडा नाकाशी नेऊन जोरात श्वास घेतला.

आणि बाबांना हॉटेलातून बाहेर काढायचं असेल तर त्यांना माझा हा निरोप दे. स्काफ्ताफेलच्या अलीकडे एक अफाट वाळूचं मैदान लागतं, स्केइदारारसांदुर. १९९६ च्या शरदात वात्नायोकुल या मोठ्या हिमटोपीखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला. वर शेकडो मीटर बर्फ, खाली लाव्हा. वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखालच्या तळ्यात साठत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला फुटलं. सेकंदाला ४० हजार घनमीटरहून जास्त पाणी आलं. क्युसेकमध्ये १४ लाखांच्या वर. कोयनेतून लाखभर क्युसेक सोडले की सांगलीत आयर्विन पुलाखाली काय होतं ते त्यांना मी सांगायला नको. रस्ता आधीच बंद केलेला होता, माणूस एकही गेला नाही. पण एक पूल अख्खा वाहून गेला, दुसऱ्याचा काही भाग गेला, आणि घराएवढे बर्फाचे ठोकळे वाळूत येऊन पडले. १९७४ मध्ये त्या पुलांनीच देशाभोवतीचा रस्ता पहिल्यांदा पुरा झाला होता. पुलाचे लोखंडी गर्डर आजही रस्त्याकडेला ठेवलेत. पीळ दिलेल्या चिंधीसारखे. पुढे २००९ मध्ये नदीनेच पात्र बदललं आणि तिथला लांबलचक पूल कोरड्यावर उभा राहिला. जाताना ते गर्डर येतील तेव्हा बाबा जागे असले पाहिजेत, एवढं बघ.

कृष्णाकाठ

बाई, तुमचा शेवटचा परिच्छेद आत्ता व्हिडिओ कॉलवर बाबांना वाचून दाखवला. "१४ लाख" म्हटल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." मग आईला चष्मा आणायला सांगितला, कागदावर घनमीटरचे क्युसेक स्वतः करून पाहिले आणि म्हणाले, बरोबर आहे.

नंतर विचारत होते, पूल किती लांबीचा होता, गाळे किती, आणि बस तिथे थांबते का नुसती पुढून जाते. थांबत नसेल तर ड्रायव्हरला विनंती कर म्हणाले, मी पाच मिनिटांत उतरून येईन.

टूरची सहा तिकिटं काढली. डावीकडच्या खिडकीसाठी मेल केलाय.